तीन लेन्सांचा पदभार

दोषनोंदणी कार्यालयाचा कॅमेरा सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद पडला. त्या वेळी त्याच्यासमोर एक वाकलेला दिव्याचा खांब होता. खांब अजून वाकलेलाच आहे, पण तो या हकिकतीचा विषय नाही.

शहरात काहीही वाकलं, खचलं किंवा तडकलं, की तिथे जाऊन फोटो काढायचा, नोंद करायची आणि कागद दुरुस्ती कार्यालयाकडे पाठवायचा, एवढंच या कार्यालयाचं काम. पुढे दुरुस्ती होते की नाही हे पाहण्यासाठी एखादं वेगळं कार्यालय असावं, असा दोन्ही कार्यालयांचा समज आहे.

बंद पडली होती ती कॅमेऱ्याची बॉडी. तिला लावायच्या तीन लेन्स ठणठणीत होत्या. एक रुंद दाखवणारी, एक मध्यम, एक लांबचं जवळ आणणारी. तिन्ही जुन्या, पितळेच्या, हाताने कडं फिरवून फोकस करायच्या. त्यांत मोटर नाही, तार नाही, बॅटरी नाही. म्हणजे बिघडण्यासारखं काहीच नाही, आणि कार्यालयाची सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. कारण नोंदवहीत लेन्स ही 'स्थायी वस्तू' होती, आयुष्य साठ वर्षं, पैकी बावीस शिल्लक. बॉडी मात्र 'खपाची वस्तू' होती; टाचण्या, खडू आणि टेबल पुसायची फडकी यांच्या पंक्तीत बसलेली. स्थायी वस्तू मुदतीआधी काढून टाकता येत नाही. तेव्हा बटण सापडलं म्हणून शर्ट शिवायला टाकावा, तशी लेन्स आहेत म्हणून बॉडी घेणं ओघाने आलं.

हे सगळं यथावकाश झालं असतं तरी कोणाचं काही अडलं नसतं. अडलं ते भांडारबाईंचं.

भांडारबाई एकतीस वर्षं कार्यालयाचं भांडार सांभाळत होत्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असे. बाकी सगळ्यांना त्या भांडारबाई. महिनाअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. लेक दुसऱ्या गावी, तिला पहिली मुलगी झालेली, दीड महिन्यांची. लेकीने कोपऱ्यातल्या खोलीत आईसाठी पलंग टाकून ठेवला होता आणि रोज फोनवर विचारत होती, "आई, कधी येतेस?" बाई सांगत, "तीस तारखेला संध्याकाळी गाडीत बसले असं समज."

पदभार सोपवायची यादी चारशे बारा वस्तूंची होती. चारशे नऊ वस्तूंपुढे दोन दिवसांत खुणा झाल्या. लेन्सांपाशी मोठ्या कारकुनांचं पेन थांबलं. सातवा रकाना होता: 'वस्तू चालू आहे काय?'

"चालू आहेत ना," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"काच स्वच्छ आहे, कडं फिरतंय. डोळ्याला लावून बघा की."

"डोळा मंजूर बॉडी नाही, बाई."

"मग बंद लिहा आणि मला सोडा."

"बंद कसं लिहू? बंद असल्याचाही पुरावा नाही. आणि बंद लिहिलं, तर कोणाच्या ताब्यात असताना बंद पडल्या हा प्रश्न निघतो. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

हे शेवटचं वाक्य बाईंनी एकतीस वर्षांत पुष्कळांना ऐकवलेलं पाहिलं होतं. ज्याला ज्याला ते ऐकवलं गेलं, त्याची फाइल जाडच होत गेली होती.

मोठे कारकून वाईट मनुष्य नव्हते. बसमध्ये चढण्याआधी तिकिटाची मागची बाजू वाचणारे ते गृहस्थ. बाईंचं भलं त्यांना मनापासून हवं होतं, फक्त ते नियमात बसवून हवं होतं. त्यांनी त्याच दिवशी टिपण लिहिलं: बॉडी येईल, लेन्स तिला लावली जाईल, फोटो निघेल, सातवा रकाना भरेल, बाई कार्यमुक्त होतील. सबब बॉडी निवडण्यासाठी समिती नेमावी.

समितीत चौघे होते. अध्यक्ष कार्यालयाचे साहेब. सचिव मोठे कारकून. अनुभवी सदस्य म्हणून फोटोकाका, म्हणजे कार्यालयाचे निवृत्त फोटोग्राफर. या लेन्स ऐन तरुणपणी त्यांनीच आणल्या होत्या. आणि मानद तज्ज्ञ म्हणून साहेबांचे मेहुणे. मेहुण्यांकडे स्वतःच्या चार बॉड्या होत्या. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी एकीनेही फोटो काढला नव्हता. मात्र त्या चारी बॉड्या लाकडी टेबलावर, शेजारी कप ठेवून, मोबाइलने अनेकदा टिपल्या होत्या. भांडारबाईंना 'निमंत्रित' केलं गेलं, कारण लेन्सांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती.

पहिल्या बैठकीत मेहुण्यांनी सुरुवात केली. "मिररलेस घ्या. डोळे मिटून घ्या. लेन्सला जे दिसतं तेच आत पडद्यावर दिसतं. जे फोकसमध्ये आलं त्याच्या कडा लाल चमकतात. आंधळ्यालाही जमेल."

"जमतं म्हणून तर आंधळेच घेतात," फोटोकाका म्हणाले. "हाताच्या लेन्सला बॉडी एकच, रेंजफाइंडर. बाजूला छोटी खिडकी असते, तिच्यातून जग बघायचं. मधोमध एका वस्तूच्या दोन सावल्या दिसतात. कडं फिरवत फिरवत दोन्ही एकावर एक आल्या की फोकस. दोनाचं एक करणं ही साधना आहे."

"काका, तुमचं लग्न झालंय ना?"

"झालंय. म्हणूनच साधना म्हटलं."

साहेब इतका वेळ पेपरवेट फिरवत होते. ते म्हणाले, "त्या मिररलेसमध्ये जसं आहे तसंच दिसतं म्हणता?"

"तंतोतंत," मेहुणे म्हणाले.

साहेबांचा चेहरा उतरला. "आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात खिडकी वेगळी, लेन्स वेगळी," काकांनी सांगितलं. "लेन्स काहीही बघत असो, साहेब, आपल्याला खिडकीतून सगळं नेहमी स्वच्छच दिसतं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

भांडारबाईंनी लेन्सांच्या डब्या पुसता पुसता विचारलं, "मिररलेस म्हणजे काय हो?"

"म्हणजे आत आरसा नसलेला," मेहुणे कौतुकाने म्हणाले.

"आणि काकांच्या त्या रेंजवाल्यात आरसा असतो?"

"नसतो," काका म्हणाले.

"मग तोही बिनआरशाचाच झाला की. कुठलाही एक घ्या."

काका आणि मेहुणे आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांकडे आपलेपणाने बघत होते. मोठ्या कारकुनांनी इतिवृत्तात लिहिलं, 'निमंत्रितांनी विषयपत्रिकेबाहेरचा प्रश्न उपस्थित केला.'

दुसरी बैठक लेन्सांच्या स्वभावावर झाली. रुंद लेन्सचे कोपरे मऊ येतात, हा तिचा स्वभाव की दोष, यावर तज्ज्ञ तीन तास बोलले. तिसऱ्या बैठकीत असा मुद्दा निघाला की मिररलेसला या लेन्स लावायला मध्ये एक कडं लागतं. ते कडं स्थायी की खपाचं? कडं लेन्सला लावलं तर स्थायी आणि बॉडीला लावलं तर खपाचं ठरतं, आणि ते तर एकाच वेळी दोघांना लागलेलं असतं. चौथ्या बैठकीच्या दिवशी तीस तारीख होती.

त्या संध्याकाळी निघालेला आदेश थोडक्यात असा: 'भांडारपाल या नियत वयोमानानुसार सेवेतून निवृत्त झाल्या असून पदभारातून मात्र त्यांना निवृत्त करता येत नाही.' म्हणजे पगार थांबला, पण किल्ल्या राहिल्या.

एक तारखेला नवे भांडारपाल हजर झाले. अत्यंत नम्र मनुष्य. पदभार घेतल्याशिवाय खुर्चीवर बसता येत नाही, म्हणून ते बाईंच्या समोर स्टुलावर बसले. बाई दहा वाजता येत, पाच वाजता जात. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून त्या आल्या नाहीत असंही कोणाला म्हणता येत नव्हतं, आणि आल्या असंही. दोन दिवस लेकीकडे जाऊन येऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मोठे कारकून हळहळले. "मी आनंदाने दिली असती हो बाई. पण रजा मागायला नोकरी लागते."

लेकीचा फोन आला. नात आता कुशीवर वळायला लागली होती.

"चर्चा पुरे, प्रत्यक्ष चाचणी घ्या," असं शेवटी बाईंनीच सुचवलं. पुढे जे झालं ते पाहता, हे त्यांनी सुचवायला नको होतं.

मेहुण्यांनी आपली सगळ्यात नवी मिररलेस बॉडी आणली. कडं लावलं, कड्यावर लेन्स लावली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'लेन्स जोडलेली नाही.'

"हे काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही हो. जुन्या लेन्सला तार नसते, म्हणून याला ती कळत नाही. मेनूत एक कलम आहे. त्याला सांगायचं, लेन्स नसली तरी फोटो काढ. मग काढतो."

मोठ्या कारकुनांनी पेन खाली ठेवलं. "थांबा. म्हणजे आपण त्याला लेखी कळवायचं की लेन्स नाही?"

"लेखी नाही, मेनूत."

"मेनू लेखीच असतो. म्हणजे नोंदवहीत लेन्स आहे आणि कॅमेऱ्यात लेन्स नाही. उद्या तपासणी आली तर खरं काय मानायचं?"

"अहो, ही काय समोर लावलीय," मेहुणे म्हणाले.

"ते आपल्याला दिसतंय. यंत्राला दिसत नाही. आणि यंत्र पक्षपात करत नाही."

तिन्ही लेन्स एकेक करून लावल्या गेल्या. यंत्राने तिन्ही वेळा तेच सांगितलं. तीन वेळा तेच सांगणाऱ्या साक्षीदाराला कोण खोटं म्हणणार? चार दिवसांनी भांडारबाईंना नोटीस मिळाली: 'आपल्या ताब्यातील तीन लेन्स जोडल्या असता त्या नसल्याचे उपकरणाने कळविले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.'

बाईंनी खुलासा त्याच कागदाच्या मागे लिहिला. 'लेन्स टेबलावर आहेत.'

"फार त्रोटक झालाय," मोठे कारकून म्हणाले.

"लेन्सही लहानच आहेत," बाई म्हणाल्या.

मिररलेस बाजूला पडला. फोटोकाकांचा दिवस उजाडला. त्यांनी घरून स्वतःचा रेंजफाइंडर आणला, मऊ कापडात गुंडाळलेला, फिल्मवर चालणारा. छत्तीस फोटोंचा रोल भरला. चाचणी स्वतः साहेब घेणार होते. भांडारातून लेन्स बाहेर नेताना तिच्या तोंडावर टोपी लावून न्यावी आणि परत आणताना टोपी लावून आणावी, असे दोन नियम भिंतीवर चिकटवलेले होते. मधल्या काळात टोपी काढावी असा नियम मात्र कुठेच नव्हता.

साहेब दारातून निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, टोपी..."

"आहे, आहे. लावलेली आहे," साहेब समाधानाने म्हणाले आणि गाडीत बसले.

दिवसभर साहेब हिंडले. खचलेली पायवाट, तिरकी गटाराची झाकणं, पुलाचा तुटका कठडा, अशी छत्तीस ठिकाणं. खिडकीतून सगळं इतकं लख्ख दिसत होतं की त्यांना कविता सुचायला लागली. दोन सावल्या एकावर एक आणताना ते श्वास रोखत. काका गाडीतच बसून होते, कारण पहिल्या अनुभवात तिसरा माणूस नसावा असं त्यांचं मत होतं.

फोटो धुऊन आले. छत्तीसच्या छत्तीस काळे. बुटाच्या पॉलिशसारखे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

समितीत ते हातोहात फिरले. आता कोणीतरी टोपीचं नाव काढील म्हणून बाई वाट बघत होत्या. मोठ्या कारकुनांनी मात्र नोंदीचा तक्ता पुढे ओढला. "प्रश्न सरळ आहे. पहिल्या फोटोत दोष दिसतो का?"

"नाही," साहेब म्हणाले.

"दुसऱ्या?"

"नाही."

असं छत्तीस वेळा झालं. छत्तीस तक्रारी दोष आढळला नाही म्हणून निकाली निघाल्या. त्या महिन्यात अशाच दोनशे चौदा निकाली निघाल्या. पुढच्या महिन्यात शहरात एकही दोष उरला नाही. मुख्यालयाचं अभिनंदनाचं पत्र आलं, त्यात 'निर्दोष शहर' ढालीसाठी साहेबांच्या नावाची शिफारस होती. टोपीची नोंद 'अत्यावश्यक जोडभाग' अशी झाली.

रेंजफाइंडर जिंकला होता. फोटोकाकांचं मन आत कुठेतरी टोचत असावं, कारण ते फोटो खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा बघत होते. शेवटी म्हणाले, "काळे आहेत हे खरं. पण काय काळे आहेत. मिररलेसला असा काळा आयुष्यात येणार नाही."

"आमचा काळा याच्यापेक्षा खोल असतो, काका," मेहुणे म्हणाले. "आकडे आहेत माझ्याकडे."

काळ्याच्या खोलीवर दोन बैठका झाल्या.

भांडारबाई मोठ्या कारकुनांच्या टेबलापाशी गेल्या. नात बसायला लागली होती. "आता तरी सातवा रकाना भरा. लेन्स लावली, फोटो आले."

मोठे कारकून खरोखर विचारात पडले. "बघा बाई. लेन्स चालू असती तर तडे दिसले असते. तडे दिसत नाहीत, म्हणजे एक तर लेन्स बंद आहे किंवा शहर निर्दोष आहे. शहर निर्दोष आहे हे मुख्यालयाने मान्य केलंय."

"म्हणजे लेन्स चालू."

"तर्काने चालू. पण रकान्यात तर्क चालत नाही, पुरावा जोडावा लागतो. एखादा तरी फोटो द्या, ज्यात काहीतरी दिसतंय."

"टोपी काढली तर दिसेल."

"टोपी काढायला मुख्यालयाची मंजुरी लागेल. तिच्यावर आता ढाल अवलंबून आहे."

बाई जागेवर येऊन बसल्या. समोर स्टुलावर नवे भांडारपाल होते. सात महिन्यांत त्यांच्या पाठीला बाक आला होता. ते हळूच म्हणाले, "बाई, मी तिकडे तोंड करून बसतो. मला काही दिसलं नाही."

बाईंनी रुंद लेन्स काढली, काकांच्या रेंजफाइंडरला लावली आणि टोपी पर्समध्ये टाकली. एकतीस वर्षं या लेन्स पुसता पुसता त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. भांडाराच्या दारात उभं राहून त्यांनी कडं फिरवलं. खिडकीत साहेबांच्या दोन सावल्या होत्या. त्या हळूहळू सरकत एक झाल्या. त्यांनी एकच फोटो काढला.

फोटो असा आला की साहेबांच्या सदऱ्याचा तुटका दोरा मोजून घ्यावा. समोर साहेब, बाजूला मोठे कारकून, त्यांच्यापुढे फायली. आणि साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीत छतापासून जमिनीपर्यंत गेलेला तडा. तो इतका रुंद होता की कर्मचाऱ्यांनी त्यात दोन पट्ट्या, डिंकाची बाटली आणि एक छत्री सोयीने ठेवलेली होती.

समिती तातडीने बसली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पुरावा," बाई म्हणाल्या. "लेन्स चालू असल्याचा."

मोठ्या कारकुनांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, हा पुरावा मानला तर त्यातला तडा मानावा लागेल. तडा मानला तर नोंद करावी लागेल. नोंद केली तर शून्य शून्य राहत नाही."

"तडा तुमच्या मागेच आहे, साहेब. वळून बघा."

"मी कार्यालयप्रमुख आहे, बाई," साहेब शांतपणे म्हणाले. "माझं तोंड पुढे असतं."

मग त्यांनी फोटो हातभर दूर धरला, जवळ आणला, पुन्हा दूर धरला. "मला हा अस्पष्ट वाटतो. तज्ज्ञांचं काय मत?"

मेहुण्यांनी चष्मा पुसला. "अस्पष्टच आहे. मिररलेसवर घेतला असता तर हा अस्पष्टपणा जास्त स्पष्ट आला असता."

फोटो काकांकडे आला. काकांनी उभ्या आयुष्यात इतका नेमका फोटो फार थोड्या वेळा पाहिला होता आणि तो त्यांच्याच लेन्सने, त्यांच्याच बॉडीवर निघालेला होता. अस्पष्ट म्हणावं तर दोष बॉडीवर येत होता किंवा लेन्सवर. स्पष्ट म्हणावं तर साहेबांची ढाल जात होती आणि रेंजफाइंडरची मंजुरीही. काकांनी बराच वेळ पेन हवेत धरलं. मग अभिप्राय लिहिला: 'बॉडी उत्तम. लेन्स उत्तम. काढणाऱ्याचा हात हलला आहे.'

"काका," बाई म्हणाल्या, "लेन्स उत्तम असं तुम्ही लिहिलंत."

सगळ्यांच्या हे तेव्हा लक्षात आलं. मोठे कारकून झटकन म्हणाले, "फोटो अस्पष्ट असताना त्यावरून लेन्स उत्तम असं म्हणता येत नाही. हे मत सदस्यांचं वैयक्तिक धरू."

"बरं. मग आता?"

आता प्रश्न एकमताने सुटला होता, फक्त उत्तर राहिलं होतं. अशा वेळी लोकांना विचारायची तरतूद आहे. बाईंचा फोटो चार हात बाय सहा हात मोठा करून कार्यालयाच्या फाटकावर लावला गेला. खाली जाहीर सूचना होती: 'सदर छायाचित्र स्पष्ट आहे की अस्पष्ट, तसेच असे छायाचित्र रेंजफाइंडरवर घ्यावे की मिररलेसवर, याबाबत नागरिकांनी तीस दिवसांत अभिप्राय द्यावेत. प्रत्येक अभिप्रायाच्या छाननीसाठी मुदत एक दिवसाने वाढेल. मुदत संपेपर्यंत पदभाराची स्थिती जैसे थे राहील.'

नागरिक उदासीन असतात, ही तक्रार कार्यालयात नेहमी ऐकू येई. ती त्या आठवड्यात खोटी ठरली. सकाळी सहापासून फाटकापाशी गर्दी होऊ लागली.

"हा रेंजफाइंडरच," औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले. "त्या तड्यात कशी खोली आलीय बघा. आत हात घालावासा वाटतो."

"छे हो. तड्याच्या कडा बघा किती कोरीव," शाळेतले गणिताचे सर म्हणाले. "एवढी धार मिररलेसशिवाय नाही येत."

"आणि छत्री. त्या छत्रीचा रंग."

"रंग नाहीये हो, फोटो काळापांढरा आहे."

"तेच म्हणतोय. तरी रंग वाटतो."

एक गवंडी कामावर जाता जाता थांबला. त्याने फोटो पाहिला, मग फाटकातून आत डोकावून भिंत पाहिली. "ही पडणार की," तो म्हणाला. "माणसं बसलीत खाली."

"अर्जात तो रकाना नाही," गर्दीतून कोणीतरी सांगितलं.

गवंड्याने मान हलवली, चार पावलं गेला आणि परत आला. "बरं, पण हा काढलाय कशावर?"

अभिप्राय स्वीकारण्याची खिडकी भांडाराची होती, कारण कोरे अर्ज भांडारातली वस्तू आणि भांडाराचा पदभार बाईंकडे. बाई प्रत्येकाला हात जोडून सांगत, "नका देऊ मत. तुम्ही एक अर्ज दिलात की माझा एक दिवस वाढतो. नात पलंगाला धरून उभी राहायला लागलीय, मी अजून तिला पाहिलेली नाही."

लोक चांगले होते. सगळ्यांना वाईट वाटे. बायका पदराने किंवा रुमालाने डोळे टिपत. एक वृद्ध गृहस्थ तर म्हणाले, "अरेरे. काय हे. माणसाची काही किंमतच राहिली नाही. दगड झालेत हे लोक." मग त्यांनी चष्मा सारखा केला, खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "लिहा, रेंजफाइंडर."

औषधवाल्यांनी दुकानातल्या नोकरांचेही अर्ज भरले. गणिताच्या सरांनी ते मोजले आणि तेवढेच मिररलेसचे आणून टाकले, समतोल राहावा म्हणून. दोन्ही बाजूंच्या काही समंजस लोकांनी असा तिसरा अर्ज तयार केला की हा वाद निरर्थक असून बाईंना ताबडतोब सोडावं. त्यावर एकशे अठरा जणांनी वेगवेगळ्या सह्या केल्या. छाननीत त्या एकशे अठरा वेगळे अभिप्राय म्हणून धरल्या गेल्या.

आज सकाळपर्यंत एकूण अर्ज सहाशे एक्केचाळीस. तडा आता खिडकीच्या चौकटीपर्यंत आला आहे. तिथे फायली उभ्या ठेवायची चांगली सोय झाली आहे. नवे भांडारपाल स्टुलासकट जरा बाजूला सरकले आहेत.

ही हकिकत आम्ही ओळखीच्या पाचसहा जणांना वाचून दाखवली. सगळे हसले, सगळे हळहळले, व्यवस्थेला सगळ्यांनी शिव्या घातल्या. आणि शेवटी प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, खुर्ची पुढे ओढून एकच प्रश्न विचारला: "ते राहू द्या हो, पण जुन्या लेन्सला खरंच चांगला कोणता?"

तुम्हीही इथवर येईतो मनात एक बाजू धरलीच आहे. मनातला अभिप्राय धरू नये असं बाईंचं म्हणणं होतं. मोठ्या कारकुनांनी नियम बघितला, तोही धरावा लागतो.

सहाशे बेचाळीस.